तीन प्रबंध

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लेखन करावे असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा साहजिकच त्रिपुरीचे कलचुरी, गढ्याची राणी दुर्गावती आणि १९३९ सालचे त्रिपुरी काँग्रेसचे अधिवेशन हे विषय आमच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. परंतु या विषयांवर अधिकारी व्यक्तींनी विपुल लिहिलेले आहे आणि त्यांत भर घालण्याजोगे आमच्यापाशी काही नाही. आम्ही निवडलेला विषय त्या मानाने अलीकडचा आणि घरगुती आहे.

गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळाच्या कित्येक कुटुंबांतील मुलेमुली पीएच.डी.च्या अभ्यासासाठी पुणे, मुंबई, बंगळूर आणि थेट परदेशापर्यंत पोचली आहेत. काही इथेच राणी दुर्गावती विश्वविद्यालयात किंवा कृषी विश्वविद्यालयात काम करीत आहेत. गणेशोत्सवाच्या मांडवात त्यांच्या आईवडिलांना हटकून एक प्रश्न विचारला जातो, "अजून झाली नाही का हो पूर्ण?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. पण त्या आईवडिलांना उत्तर देता येत नाही, आणि सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा तो मुलगा मग पुढच्या वर्षी मांडवात येण्याचेच टाळतो. या प्रश्नाला काही उत्तर असेल तर ते आपल्याच प्रांताच्या इतिहासात शोधावे, असे आम्हांस वाटले.

आमची स्वतःची मजल बी.ए.पर्यंतच. तेव्हा प्रबंधाच्या आत काय असते हे सांगण्याचा अधिकार आमचा नाही. परंतु केंद्र सरकारच्या नोकरीत तीस वर्षे काढल्यामुळे मंजुरी, मुदत आणि वसुली या तीन शब्दांशी आमचा चांगलाच परिचय आहे. आणि ज्या तीन विद्यार्थ्यांची हकीगत पुढे देत आहोत त्यांच्या प्रबंधांचे भवितव्य, आमच्या समजुतीप्रमाणे, पुष्कळ अंशी या शब्दांनीच ठरवले. हे तिघेही जन्माने आजच्या मध्य प्रदेशातले : एक महूचे, दोघी इंदूरच्या. महू ते इंदूर अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचे. इंदूर आपल्या जबलपूरहून एका रात्रीच्या प्रवासावर आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. आज पीएच.डी. ही पदवी अनादिकालापासून चालत आल्यासारखी वाटते, पण इंग्रजी विद्यापीठांत ती पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आली. केंब्रिजने ती १९१९ मध्ये सुरू केली. त्यापूर्वी संशोधनाची पदवी घ्यायची तर जर्मनी किंवा अमेरिका गाठावी लागे. ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर, ज्यांचा जन्म रायपूरचा, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच मध्यप्रांतातला, ते १९०६ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले आणि १९११ मध्ये डॉक्टर झाले. जातिसंस्थेच्या इतिहासावरील त्यांचा ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे मे १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एका पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने भारतातील जातींवर निबंध वाचला, त्यात त्याने ज्या मोजक्या पूर्वसूरींच्या मतांची चिकित्सा केली त्यांत हे केतकर होते. रायपूरच्या मुलाचे म्हणणे महूचा मुलगा सातासमुद्रापलीकडे तोलून पाहत होता. आपल्या प्रांताच्या इतिहासात याची नोंद व्हावयास हवी होती. आम्हांस ती कुठे आढळली नाही.

महूचा तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. डॉ. बाबासाहेबांचे चरित्र वाचकांना ठाऊक आहे, म्हणून आम्ही केवळ त्यांच्या विद्यार्थिदशेच्या जमाखर्चापुरतेच बोलू. सयाजीराव महाराजांच्या बडोदे सरकारने त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. त्याबद्दल शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांनी जून १९१३ मध्ये लिहून दिला. त्याच वर्षी फेब्रुवारीत वडील वारले होते. घरी पैसे पाठवणे भाग होते, आणि न्यूयॉर्कची जुन्या पुस्तकांची दुकाने तर समोरच. या तिहेरी ओढाताणीत १९१५ मध्ये एम.ए. आणि १९१६ मध्ये पीएच.डी.चा प्रबंध सादर, असे काम झाले.

तेथून ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले, बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये घातले, आणि १९१७ च्या मध्यावर शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. लंडन विद्यापीठाने एवढीच सवलत दिली की चार वर्षांच्या आत परत आल्यास पुढे चालू करता येईल. बडोद्यात काय घडले ते त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे : अमेरिकेत शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला गावात राहण्यास कोणी जागा दिली नाही, पारशी धर्मशाळेत नाव बदलून काढलेले दिवसही लाठ्या घेतलेल्या जमावाने संपवले. नोकरी सुटली, पण करार सुटला नाही. शिष्यवृत्तीच्या रकमेचा तगादा पुढे कित्येक वर्षे त्यांच्या मागे होता. आमच्यासारख्या सरकारी माणसाला या प्रकरणी कागदाचा दोष दिसत नाही. कागद बिनचूक होता. ज्या गावात कराराप्रमाणे नोकरी करायची त्या गावात राहायला खोली मिळेल की नाही, हे कलम मात्र त्यात कोणी घातले नव्हते.

सिडनेहॅम कॉलेजात ते १९१८ मध्ये प्राध्यापक झाले, काटकसरीने पैसा साठवला, आणि मुदत टळण्यापूर्वी १९२० मध्ये लंडन पुन्हा गाठले. पदरचे पैसे, शाहू महाराजांची मदत आणि कोलंबियापासूनचे पारशी मित्र नवल भथेना यांनी दिलेले पाच हजार रुपयांचे कर्ज, एवढी त्या वेळची शिदोरी. सकाळी पावाचा तुकडा नि चहा, दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय, रात्री भूक लागली की भाजलेले पापड, असा दिनक्रम चरित्रकारांनी वर्णिला आहे. इकडे परळच्या चाळीत रमाबाई संसार ओढीत होत्या. त्या संसारात मुले दगावली. प्रबंधांच्या पहिल्या पानावर ज्यांचे आभार छापले जातात त्यांच्या यादीत अशा बायकांची नावे क्वचित असतात, हे जाता जाता नमूद करून ठेवतो.

'रुपयाचा प्रश्न' हा डी.एस्सी.चा प्रबंध त्यांनी ऑक्टोबर १९२२ मध्ये सादर केला. तो १९२३ च्या मार्चमध्ये परत आला. ब्रिटिश सरकारच्या चलननीतीवर त्यात जी टीका होती ती परीक्षकांना रुचली नाही. निष्कर्ष तसेच ठेवून मांडणी बदलावी, असे सुचवण्यात आले. पैसे तर संपलेले. एप्रिलमध्ये ते मुंबईस परतले, तिथून प्रबंध दुरुस्त करून पाठवला आणि वर्षअखेर तो मान्य झाला. त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांच्या प्रस्तावनेसह तो ग्रंथरूपानेही लगेच निघाला. कोलंबियाची गोष्ट त्याहून लांबली. तेथे पदवी हाती पडण्यासाठी प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठास द्याव्या लागत. छपाईला पैसा लागतो. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये छापून झाला, तो त्यांनी सयाजीराव महाराजांनाच अर्पण केला, आणि पदवी जून १९२७ मध्ये मिळाली. न्यूयॉर्कला पाऊल ठेवल्यापासून चौदा वर्षांनी! या चौदा वर्षांत परळच्या चाळीत रमाबाईंना कोणी "अजून झाली नाही का?" असे विचारले असेल का, हा विचार आमच्या मनात अनेकदा येऊन गेला.

आता इंदूरकडे वळू. भागवतांच्या घरात दोन मुली जन्मल्या : दुर्गा, जन्म १९१०, आणि तिच्या पाठची कमला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघेही जमशेटजी टाटांच्या प्रेरणेने बंगळूरला निघालेल्या विज्ञानसंस्थेचे आरंभीचे विद्यार्थी. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. १९३३ मध्ये सर्वांत वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्यावर कमलाबाईंनी त्याच संस्थेकडे अर्ज केला. अर्ज नामंजूर झाला. कारण लपवलेले नव्हते : अर्जदार मुलगी होती. संचालक होते नोबेल पारितोषिकविजेते सर चंद्रशेखर वेंकट रामन.

वडिलांनी व काकांनी रदबदली करून पाहिली, ती वाया गेली. तेव्हा कमलाबाई स्वतः बंगळूरला जाऊन संचालकांपुढे उभ्या राहिल्या. काळ गांधीजींचा होता. आपल्याला नकार का, याचे कारण मिळेपर्यंत हलणार नाही, हा त्यांचा पवित्रा सत्याग्रहाचाच. अखेर रामन यांनी अटी घालून प्रवेश दिला. एक वर्ष उमेदवारी, तोवर नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीअपरात्रीही काम करावयाचे. आणि प्रयोगशाळेतील पुरुष सहकाऱ्यांचे चित्त विचलित होता कामा नये. उमेदवारीचे वर्ष आमच्या खात्यातही असते, पण इतरांच्या चित्ताची जबाबदारी उमेदवारावर टाकणारा नियम आमच्या पाहण्यात नाही. कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, आणि तो अपमान त्या जन्मभर विसरल्या नाहीत. रामन थोर शास्त्रज्ञ होते, पण स्त्रियांच्या बाबतीत त्यांची दृष्टी संकुचित होती, हे त्यांनी उतारवयात जाहीरपणे सांगितले.

तथापि त्याच संस्थेत त्यांना श्रीनिवासय्यांसारखे मार्गदर्शक लाभले. दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर त्यांनी काम केले. ज्या देशात बहुसंख्य लोकांच्या ताटात मांस नाही, तेथे डाळीत काय आहे हा प्रश्न किती महत्त्वाचा होता हे सांगावयास नको. वर्षअखेर रामन यांचे समाधान झाले, प्रवेश नियमित झाला, आणि पुढच्या मुलींसाठीही तो दरवाजा उघडला. कमलाबाईंना १९३६ मध्ये एम.एस्सी. मिळाली आणि मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्त्यांवर त्या १९३७ च्या डिसेंबरात केंब्रिजला दाखल झाल्या.

तिथे दुसरीच अडचण. सर फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स यांच्या जीवरसायन विभागात एकही जागा मोकळी नव्हती. तेव्हा डेरेक रिख्टर या संशोधकाने आपले टेबल दिवसा त्यांना देऊ केले. तो स्वतः रात्री काम करू लागला. या एका वाक्यात मावणाऱ्या गोष्टीवर आम्ही मुद्दाम थांबतो. रिख्टर हा काही विभागप्रमुख नव्हता, त्याच्या हाती कोणतीही मंजुरी नव्हती. त्याच्यापाशी एक टेबल होते. तेवढेच त्याने दिले.

पुढे रिख्टर अन्यत्र गेल्यावर कमलाबाई रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींवर काम करू लागल्या. विषय होता पेशींचे श्वसन. सायटोक्रोम सी नावाचे एक रंगीत प्रथिन असते. अन्नापासून ऊर्जा निघत असताना विद्युत्कण एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्याकडे पोचवण्याचे, म्हणजे जवळजवळ टपाल्याचे, काम ते पेशीत करते. बटाट्यावरील प्रयोगांतून वनस्पतींच्या श्वसनात या सायटोक्रोम सीचा सहभाग असतो, हे कमलाबाईंनी दाखवून दिले. चौदा महिन्यांत काम पुरे झाले आणि प्रबंध अवघा चाळीस पानांचा. केंब्रिजची विज्ञानातील पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला, साल १९३९. पहिलेपणाचा हिशेब मात्र जपून मांडावा. इरावती कर्वे यांनी १९३० मध्येच बर्लिनची आणि जानकी अम्माळ यांनी १९३१ मध्ये अमेरिकेतील मिशिगनची डॉक्टरेट घेतली होती. आणखी एक गोष्ट : केंब्रिज विद्यापीठ त्या वेळी स्त्रियांना पदवीचा नुसता किताब देई. विद्यापीठाचे पूर्ण सभासदत्व आणि त्याबरोबरचे हक्क स्त्रियांना १९४८ पर्यंत मिळाले नाहीत. रामन यांची अट जुनाट म्हणून हसणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे.

कमलाबाई मायदेशी परतल्या, दिल्लीच्या लेडी हार्डिंज कॉलेजात आणि कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काम करून १९४७ मध्ये सोहोनी होऊन मुंबईस आल्या. नीरेवरील त्यांच्या संशोधनास राष्ट्रपती पारितोषिक मिळाले. मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपदही त्यांच्याकडे आले, पण ज्येष्ठता असूनही फार उशिरा. त्या १९९८ मध्ये वारल्या.

थोरल्या बहिणीची गोष्ट याच्या उलट आहे, आणि आपल्या या भागाशी तिचा संबंध अधिक जवळचा. दुर्गाबाईंनी एम.ए.साठी प्राचीन बौद्ध न्यायव्यवस्थेवर प्रबंध लिहिला, तो पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्धही झाला. नंतर पीएच.डी.साठी त्यांनी आदिवासींचा अभ्यास करण्याचे ठरवले आणि त्या तेव्हाच्या मध्यप्रांतातील जंगलांत हिंडू लागल्या. मुंबईच्या मध्यमवर्गीय घरातील एक अविवाहित तरुणी, वाहन नाही, सोबत जेमतेम, आणि गोंडांच्या वस्त्यांतून गाणी, कथा, चालीरीती टिपून घेत चाललेली, हे चित्र त्या काळात कोणाला सहजासहजी पटले नसते. आपण जबलपूरकर तर गोंडांच्या राजधानीतच राहतो. मदनमहाल रोज दिसतो, विद्यापीठाला १९८३ पासून राणी दुर्गावतीचे नाव आहे. पण गोंडांचे एखादे गाणे आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे?

या भटकंतीत जंगलातील विषारी सुरण खाण्यात आला आणि दुर्गाबाईंना विषबाधा झाली. सुमारे सहा वर्षे त्या अंथरुणाला खिळून होत्या. पीएच.डी. तिथेच राहिली, ती कायमची. धाकटी बहीण चौदा महिन्यांत डॉक्टर झाली, आणि थोरली आयुष्यभर नुसत्या दुर्गा भागवत राहिली.

आता हा प्रबंध फुकट गेला असे म्हणावे काय? एम.ए.पर्यंत संस्कृत ग्रंथांत वावरलेल्या या बाईंनी जंगलात लोकांच्या तोंडचे वाङ्मय ऐकले, ते त्या विसरल्या नाहीत. 'लोकसाहित्याची रूपरेखा' आणि 'ऋतुचक्र' ही दोन्ही पुस्तके १९५६ मध्ये आली, गोंडांच्या जीवनावर 'महानदीच्या तीरावर' ही कादंबरी आली, पुढे 'व्यासपर्व' आले, आणि 'पैस'ला १९७१ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कऱ्हाडच्या १९७५ च्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी आणीबाणीविरुद्ध आवाज उठवला तेव्हा त्यांच्या नावामागे डॉक्टर नाही, हे कोणाच्या ध्यानीही आले नसेल. तरीसुद्धा 'पदवी नसली म्हणून काय बिघडले' असे म्हणून ही गोष्ट गोड करून टाकणे आम्हांस पसंत नाही. बिघडले निश्चित. गोंडांच्या त्या काळच्या जीवनाचा जो एकसंध अभ्यास व्हावयाचा होता तो झाला नाही. आणि ते जीवनही आता तसे उरलेले नाही.

आजचे नियम आम्ही मुद्दाम काढून पाहिले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांप्रमाणे पीएच.डी.ला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षे. पुनर्नोंदणी केल्यास आणखी दोन, आणि स्त्रियांना व दिव्यांगांना आणखी दोन, अशी दहा वर्षांची हद्द. स्त्रियांना प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. नियम बरे आहेत, पूर्वीपेक्षा पुष्कळच बरे. राष्ट्रीय परीक्षेतून शिष्यवृत्ती मिळवणाऱ्यांना जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये, अशी एकूण पाच वर्षे मिळतात. आमच्यासारख्या हिशेबनिसाच्या डोळ्याला इथेच एक गोष्ट खुपते : काम सहा वर्षांचे, आणि पैसा पाच वर्षांचा. लिहिण्याचे, तपासण्याचे, परत आलेले दुरुस्त करण्याचे शेवटचे वर्ष बहुधा या बिनपगारी पट्ट्यात येते. शिवाय ही शिष्यवृत्ती सर्वांना नसते. कित्येक मुले तर शिकवण्या करून, घरून पैसे मागवून दिवस काढतात. हे त्यांनी सांगावे अशी आपण अपेक्षा करतो, पण मांडवातल्या त्या प्रश्नानंतर कोण कशाला सांगेल?

आपले मंडळ दरवर्षी दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार करते. तो चालू राहावा. पण पन्नास वर्षांच्या टप्प्यावर आमची एक सूचना आहे, ती कार्यकारिणीने पुढील सर्वसाधारण सभेपुढे ठेवावी. भथेनांच्या पाच हजारांसारखा आणि रिख्टरच्या टेबलासारखा एक लहानसा निधी असावा. शिष्यवृत्ती संपलेल्या अथवा मुळातच नसलेल्या संशोधक मुलामुलींना शेवटच्या वर्षासाठी त्यातून बिनव्याजी रक्कम द्यावी. परतफेड नोकरी लागल्यावर, हप्ता ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे. आजारपणामुळे काम थांबले तर मागणी पत्र पाठवू नये. प्रवासाला, छपाईला, औषधालाही पैसे चालावेत. पावत्यांची पुरचुंडी मागू नये. प्रबंध पूर्ण झाला नाही तरी घेणाऱ्याचे नाव कोठे वाचून दाखवू नये. अर्जाचा नमुना आम्ही तयार करून देऊ, ते काम आम्हांला येते. त्यात नाव, पत्ता, विषय आणि किती रक्कम हवी, एवढेच रकाने असतील; काम कधी पूर्ण होणार, हा रकाना आम्ही ठेवणार नाही.